शिडाची दोरी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. माझी मावशी थापा मारणाऱ्यातली नाही. ही घडलेली गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारलं, तर उठून आत गेली.

अठरा वर्षांपूर्वीची, भर दुपारची गोष्ट. एका शिडाची छोटी होडी. गावातल्या मिस्त्रीआजोबांनी स्वतः बांधलेली. मावशीला ती चालवायला शिकवली तीही त्यांनीच. आदल्या वर्षी ते एकटेच मोठ्या तळ्यात गेले होते.

होडी सापडली. ते नाही.

मग ती होडी मावशीने घेतली.

आजोबांचा एकच नियम होता. शिडाची दोरी बांधायची नाही, हातात धरायची. वाऱ्याचा झोत आला की सोडायची, मग शीड सैल पडतं आणि होडी उलटत नाही. मावशी विसरली की ते अंगठीने फळीवर वाजवायचे.

टक... टक.

म्हणजे, सोड!

त्या दिवशी मावशी निघाली तेव्हा काका धक्क्यावरून ओरडले, "आभाळ बघितलंस का?"

"आभाळाला काय धाड भरलीय? तासाभरात येतो आम्ही. तोवर तुम्ही घोरा!"

आम्ही म्हणजे ती आणि तिची पाच वर्षांची पिटुकली.

तळ्याच्या मध्यावर वारा पडला. शीड लोंबायला लागलं. मग पाखरांचा आवाज थांबला. काठावर एक कुत्रं केव्हाचं भुंकत होतं...

तेही गप्प झालं.

"आई, पाणी काळं का झालं गं?"

मावशीने वळून पाहिलं. पिटुकलीच्या लाइफ जॅकेटचा पट्टा निघाला होता. एका हाताने तो काही लागेना. मावशीने सुकाणूचा दांडा काखेत दाबला आणि शिडाची दोरी खुंटीला बांधली.

एवढं मिनिटभरच.

पट्टा लागला. आणि वारा आला.

कुणी थोबाडीत मारावी तशी होडी एका अंगावर कलंडली. पाणी आत घुसलं. मावशीने पिटुकलीला वरच्या बाजूला खेचलं, पाय रोवले आणि दोरीकडे हात टाकला. खुंटी पाण्याखाली गेली होती. गाठ दगडासारखी आवळली होती. नखं तुटली, पण ती हलेना.

अजून एक झोत आला असता, तर संपलं असतं.

तेवढ्यात पायाखालच्या फळीतून...

टक... टक.

शीड सैल पडलं.

होडी हळूहळू सरळ झाली. मावशीने फक्त सुकाणू धरलं होतं. झोत आला की शीड सुटायचं. झोत गेला की पुन्हा ताणलं जायचं. मुरलेला हात जसं करतो, अगदी तसं.

पिटुकली समोरच्या रिकाम्या फळीकडे बघत होती. रडत नव्हती. उजवा हात पुढे करून बसली होती.

धक्क्याला लागल्यावर काकांनी दोघींना ओढून घेतलं. मावशी पुन्हा होडीत वाकली.

गाठ तशीच होती. खुंटीला घट्ट. काकांना ती सुरीने कापावी लागली.

मग शीड सैल कुणी केलं?

पिटुकलीची मूठ उघडेना. मावशीने एकेक बोट सोडवलं. तळहातावर दोरीचा लाल वळ होता.

"कुठे लागलं गं, बाळा?"

"आजोबांनी दोरी दिली मला. म्हणाले, आता तू धर. मी येईपर्यंत सोडायची नाही."

मावशीने होडी त्याच आठवड्यात मोडून टाकली. काही उपयोग झाला नाही. वारा पडला की पिटुकलीची उजवी मूठ मिटायची, आणि वारा परत सुटेपर्यंत उघडायची नाही. शाळेत, लग्नघरात, जेवताना घास हातात असतानाही. तेवीस वर्षांची झाली तरी. मावशी शेजारी बसायची आणि त्या मुठीत आपलं बोट सरकवून ठेवायची, तान्ह्या बाळाच्या मुठीत ठेवतात तसं.

गेल्या रविवारी दुपारी वारा पडला. पडदे स्थिर झाले. मूठ मिटली. मावशीने बोट सरकवलं...

आणि वारा पडलेला असतानाच मूठ उघडली. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मावशीला रडूच फुटलं. "सोडलीस गं, राणी? सुटलीस एकदाची!"

"मी नाही सोडली, आई," पिटुकली दाराकडे बघत म्हणाली. "त्यांनी घेतली."

दार बंद होतं. मावशीने ते अजून उघडलेलं नाही. मागच्या दाराने ये-जा करतात.