सत्तावीस नंबरचा आंबा

"खिळा ठोकू नका. झाडाला लागतं."

मी शिडीवरून खाली पाहिलं. कारखान्याचा निळा शर्ट, हातात जेवणाचा डबा, आणि मी जणू त्याच्याच दंडात खिळा ठोकत होते असा राग. मी इतकी दचकले की हातोडा त्याच्या पायाशी पडला. मुद्दाम नाही पाडला, हे त्याला अजून पटलेलं नाही.

त्याने खिशातून सुतळी काढली आणि झाडाच्या नावाची पाटी खोडाला सैलसर बांधून दाखवली. "झाड वाढतं मॅडम. जागा ठेवायची."

हा चेतन. अंबरनाथ एमआयडीसीत पहिली पाळी करायचा आणि दुपारी थेट बारवी रस्त्यावरच्या ह्या बागेत यायचा. त्याचे वडील गोमा आयुष्यभर इथे राखणदार होते. ते गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, त्याची आई बाळीमावशी बाग बघते. आणि मी चैत्राली, हेंद्रेपाड्याची, वनस्पतिशास्त्र शिकलेली. बागेचे मालक चिंतामणीकाका आपली साठ जुनी रायवळ आंब्याची झाडं पंधरा दिवसांनंतरच्या रविवारपासून लोकांना खुली करणार होते. प्रत्येक झाडाची चव वेगळी, नाव वेगळं... शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या. सकाळी बाळीमावशी नावं सांगायची, मी यादीत लिहायचे आणि पाट्या रंगवायचे.

दुपार झाली की माझं काम उगाचच वाढायचं. "चेतन, शिडी धर. चेतन, सुतळी दे." पंधरा दिवसांत अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

"हळू घे की माझं नाव," तो म्हणायचा. "झाडं ऐकतात."

"नाव हाका मारायलाच असतं."

मग तो मला डोळे मिटायला लावायचा आणि ओळखायला आंब्याची फोड द्यायचा. बोटं ओठांना लागायची... आणि मी खोबऱ्याला साखऱ्या म्हणायचे. माझी परीक्षा तिथेच बोंबलायची.

आदल्या दिवशी, शनिवारी, काकांनी यादी मागितली. गाड्या लावायला जागा हवी होती, फाटकाजवळचं एक झाड काढावं लागणार होतं. त्यांचं बोट यादीवरून फिरलं आणि थांबलं. सत्तावीस नंबर, फाटकाशेजारी, नाव नाही. मीच लिहिलं होतं. मी विचारलं तेव्हा बाळीमावशीने तोंडाला पदर लावला होता आणि दुसरीकडे बघत म्हणाली होती, "त्याला काय नाव नाय गो बाय." मला झाडाचं वाईट वाटलं, पण मी त्या नंबरवर फुली मारली.

दुपारी करवतवाले आले. बाळीमावशी झाडाकडे पाठ करून बसली; मालकांच्या शब्दापुढे ती कधी गेली नव्हती. पहिली फांदी खाली आली तेवढ्यात चेतन फाटकातून आत शिरला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ह्याला नाव नाही असं कोणी सांगितलं?"

"तुझ्या आईने," मी म्हणाले.

"आई कशी सांगेल? हा गोमा आंबा आहे. बाबांनी कोय लावलेली. आई नवऱ्याचं नाव घेत नाही... ते गेले तरी नाही." त्याचा आवाज फाटला. "एवढी शिकलीस, आणि एवढं नाही कळलं?"

करवत परत सुरू झाली. मी धावले आणि खोडाला पाठ लावून उभी राहिले. काकांना ओरडूनच सांगितलं, की चूक माझी आहे, ज्या माणसाने ही बाग जगवली त्याचं हे झाड आहे, गाड्या समोरच्या पडीक शेतात लावू. काकांनी वर झाडाकडे पाहिलं आणि करवतवाल्यांना जायची खूण केली.

चेतनने फांदीच्या जखमेला शेणमाती लिंपली. मी बादली धरली होती. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रात्री मी सत्तावीस नंबरची पाटी रंगवत बसले... झाड वाचलं, पण हा माणूस हातचा गेला, असंच वाटत होतं.

रविवारी लोक लोटले. सत्तावीस नंबरवर नवी पाटी होती, गोमा, सैलसर बांधलेली. माइक माझ्या हातात होता. पालेगावहून आलेल्या एका काकूंनी विचारलं, "हे नाव तुम्हाला सांगितलं कोणी?"

मी तोंड उघडलं. पंधरा दिवस शिडीवरून अख्ख्या बागेला ऐकवलेलं त्याचं नाव ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. तो समोर उभा होता, टोपली घेऊन, मान खाली घालून.

"ह्यांनी," मी म्हणाले.

चेतनने मान वर केली. बाळीमावशीने तोंडाला पदर लावला, पण आज तिचे खांदे हसण्याने हलत होते.

गर्दी पुढे सरकल्यावर तो जवळ आला. "माझं नाव विसरलीस?"

"नाही."

"मग घे की."

"आता नाही घेणार," मी म्हणाले. "मला तू आवडतोस. कालच्यासाठी काय बोलायचं ते बोल, पण गप्प राहू नकोस."

त्याने टोपली माझ्या हातात दिली. गोमाचे आंबे होते.

"आईला नेऊन दे," तो म्हणाला. "आणि तिला काय हाक मारायची, तेही ठरव."

बाळीमावशी वीसेक पावलांवर बसली होती. मावशी म्हणायचं नाही, एवढं पहिल्याच पावलाला ठरलं.