डावा इंडिकेटर

त्या रात्री मदन महल वस्तीतल्या आमच्या घरी जेवणं उरकली होती. माझा धाकटा दीर गुणवंत मोटारसायकलची सीट काढून अंगणात टेस्टर घेऊन बसला होता. ब्रेक दाबला की गाडीचा फ्यूज उडत होता आणि हॉर्न वाजवला की इंडिकेटर विझत होता. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, म्हणून “अर्थिंग बघा भाऊजी” एवढं मी सांगितलं. त्यापुढचं मलाही येत नव्हतं. उद्या याच गाडीवरून बाळाला डोस द्यायला न्यायचं होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

“छोडो भाभी, दुसऱ्या गाडीची जुनी वायरिंगच बसवून देतो,” गुणवंत म्हणाला. “भंगारात अख्खी मिळते.”

माझे चुलत सासरे विष्णुपंत काका व्हरांड्यात सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला.

“कोणाची?”

“काय कोणाची?”

“वायरिंग कोणाची मिळते म्हणतो मी. विचारत जा, बापा. शालिग्रामनं नाही विचारलं.”

मी तेव्हाच बाळाला घेऊन आत जायला हवं होतं. गेले नाही. काका बोलले ते असं.

शालिग्राम माझ्या ऑफिसात होता. राहायला चेरीतालला, शंभर सीसीची साधी गाडी. पावसाळ्यात उंदरांनी गाडीची सगळी वायरिंग कुरतडली. घराच्या मागेच पुंडलिकचं गॅरेज. दोघं एका बाकावर शिकलेले. शालिग्रामचा बाप गेला तेव्हा तिरडीला पुढचा खांदा पुंडलिकचा होता, एवढं सांगितलं की समजून जा.

शालिग्रामला मुलगी झाली. बायको विनता शहपुऱ्याला माहेरी होती. बाळ सव्वा महिन्याचं झालं की बारसं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी दोघींना गाडीवर घरी आणायचं, असं ठरलं.

“थंडीत? एवढ्याशा बाळाला गाडीवर?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“तुझा नवरा सायकलच्या दांडीवर घरी आला होता, सूनबाई,” काका म्हणाले. गुणवंत हसला. मी हसले नाही.

तर पुंडलिकनं वायरिंग बदलून दिली. हॉर्नही बदलला. म्हणाला, “एकदम नवी कोरी टाकली, भाऊ. माझी पुतणी बसणार आहे ना हिच्यावर!” शालिग्राम आम्हाला ऑफिसात सांगून राहिला, दोस्त असावा तर असा.

दोन हजार चौदा साल. तीस जानेवारी, गुरुवार, पौषातली अवस. दुसऱ्या दिवशी बारसं. पाळण्याची दोरी, बाळाचं झबलं, पेढे असं सगळं पिशवीत भरून शालिग्राम अंधार पडल्यावर शहपुऱ्याला निघाला. आई म्हणाली, सकाळी जा. हा म्हणाला, रस्ता चांगला आहे, गाडी चांगली आहे, काहून घाबरते?

भेडाघाटचा चौक मागे पडला. धुकं उतरलं. ट्रक अगदी जवळ आल्यावर दिसत होते. आणि गाडीचा डावा इंडिकेटर लागला.

यानं लावला नव्हता.

बटण बंद केलं. इंडिकेटर सुरूच. थोडं पुढे गेला आणि हेडलाइट गेला.

गाडी बाजूला घेतली. पुंडलिकच्या गॅरेजात बसून बसून थोडंफार काम त्यालाही येत होतं. या गाड्यांत इंजिन आणि हेडलाइट बॅटरीवर चालत नाहीत. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट तेवढे बॅटरीवर. म्हणून त्यानं मोबाइलच्या उजेडात आधी बॅटरीचा फ्यूज पाहिला. उडालेला. दुसरा टाकला. तोही उडाला. मग एकेक जोड सोडवत गेला, म्हणजे कुठं शॉर्ट होते ते कळते. हॉर्नच्या वायरी उपसल्या. ब्रेकलाइटची काढली. शेवटी डाव्या इंडिकेटरच्या दोन्ही वायरी ओढून काढल्या.

तरी इंडिकेटर लागलेलाच होता.

वायरी याच्या हातात. टोकं मोकळी. फ्यूज काढलेला. चावी खिशात...

टिक. टिक. टिक.

गुणवंत हळूच म्हणाला, “कपॅसिटर असेल...” काका त्याच्याकडे पाहत राहिले.

शालिग्राम डोक्यानं शाबूत माणूस. त्यानं चावी लावून किक मारली. इंजिन सुरू झालं. हेडलाइट नाही. हँडल डावीकडे वळवलं, तर भक्क उजेड. सरळ केलं, अंधार. पुन्हा डावीकडे, उजेड. त्याच्या लक्षात आलं, हँडलच्या मानेत वायर तुटलेली आहे. वळलं की टोकं जुळतात. साधा फॉल्ट. त्याला बरं वाटलं.

मग त्याच्या मनात आलं, नव्या वायरिंगमध्ये तुटेल कशी?

डाव्या हाताला एक कच्चा रस्ता होता. मागून ट्रक येऊन राहिले होते. बिनालाइटचं हायवेवर थांबणं म्हणजे मरण. त्यानं गाडी कच्च्यात घातली. गाव असेल, रात्र काढू.

आता हँडल सरळ होतं.

लाइट सुरू होता.

दोन्हीकडे हरभरा. माणूस नाही. कुत्रं नाही. यानं गिअर टाकला नाही, गाडी आपल्या चालीनं जात राहिली. एक घर आलं. गाडी थांबली. यानं ब्रेक लावला नव्हता...

आणि हॉर्न वाजला. दोनदा. आखूड.

ज्या हॉर्नच्या वायरी यानं स्वतः उपसल्या होत्या, तो.

आत कडी निघाली. एक म्हातारी दारात आली. हातात टॉर्च.

“आला का रे, गणपत? किती उशीर...”

मग तिनं याचं तोंड पाहिलं. टॉर्च खाली गेली.

घर आपल्याच माणसांचं होतं, वऱ्हाडातून शेतीसाठी आलेलं. अनसूयाबाई नाव. तिनं याला आत घेतलं, शेकायला शेगडी दिली. मग म्हणाली, “माझा गणपत दारात येऊन दोनदा वाजवायचा. जेवायला वाढ म्हणून.”

“कुठं असतात ते?”

“मागच्या पौषात गेला, जी. तिकडंच, फाट्यावर. वळताना लाइट गेला गाडीचा. ट्रकवाल्याला दिसला नाही.” ती शेगडीकडे पाहत होती. “दाखवली होती त्यानं गाडी. चेरीतालच्या मिस्त्रीला. मिस्त्री म्हणे, चलने दो, कुछ नहीं होता. पण माणूस भला होता. तेराव्याला आला, खूप रडला. म्हणे, आई, ही गाडी डोळ्यांसमोर ठेवू नका, मी नेतो, तोडून टाकतो. मी देऊन टाकली.”

शालिग्रामनं नाव विचारलं नाही. तिनंच सांगितलं.

“पुंडलिक म्हणत त्याला.”

...

“माझ्या गाडीला नवी वायरिंग आहे, आई,” शालिग्राम म्हणाला. कोणाला सांगून राहिला होता, कोण जाणे.

म्हातारी उठली. टॉर्च न लावता अंगणात गेली. हँडलच्या मानेत बोट घातलं. काळी टेप सोलली. टेपच्या आत, वायरींना घट्ट बांधलेली, हिरवी चिंधी.

“माझ्या लुगड्याची आहे,” म्हणाली. “ढिली वायर बांधायला मीच फाडून दिली होती त्याला.”

सकाळी शालिग्राम गाडी तिथंच ठेवून बसनं शहपुऱ्याला गेला. मी बारशाला होतो, पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुंडलिक नवा शर्ट घालून, बाळाला चांदीचे वाळे घेऊन आला. “कुठं आहे माझी पुतणी?” म्हणत आत शिरला. शालिग्रामनं त्याच्या हातावर ती चिंधी ठेवली.

हे काय आहे, असं पुंडलिकनं विचारलं नाही. तिथंच कळलं आम्हाला.

“भाऊ, सगळेच जुनी टाकून राहिले,” तो म्हणाला. “वायरला काय समजते, कोणाची आहे ते.”

“माझी लेक बसणार होती, पुंड्या.”

“मी चालवून पाहिली होती.” पुंडलिकनं पाळण्याकडे पाहिलं, मग खाली. “दिवसा नीट चालत होती.”

शालिग्राम ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. वाळ्यांची डबी त्यानं पुंडलिकच्या खिशात परत घातली. म्हणाला, “जा. ती वायरिंग काढ आणि त्या माऊलीसमोर जाळ. एवढं तरी कर.”

पुंडलिक गेला. बायकांनी बाळाचं नाव इंदू ठेवलं. शालिग्राम पाळण्यापाशी उभा होता, पण त्याला ऐकू गेलं नसावं. नंतर त्यानं मला विचारलं, काय ठेवलं नाव?

पुंडलिकनं म्हातारीकडे जाऊन वायरिंग काढली. म्हणाला, नर्मदेकाठी नेऊन जाळतो. तिनं याही वेळी विश्वास ठेवला. रात्री मी त्याच्या गॅरेजवरून आलो, तर ती खिळ्याला टांगलेली. अख्खी. विकायला.

सकाळी गॅरेज उघडलं नाही. दुपार झाली. शटरला आतून कडी. शालिग्राम आणि मी, दोघांनी मिळून शटर तोडलं.

पुंडलिक स्टुलावर बसला होता. जिवंत होता. दोन्ही तळहात कानांवर दाबलेले. हाक मारली, हलवलं... हात काढेना. आजही तो कोणाशी बोलत नाही.

शालिग्रामनं माझी बाही ओढली. खाली बोट दाखवलं.

बाहेरचा डांबरी रस्ता कोरडा होता. आत एकही गाडी नव्हती. गॅरेजच्या सिमेंटच्या फरशीवर ओल्या काळ्या मातीचा, शेतातल्या मातीचा, एका टायरचा पट्टा होता. बंद शटरच्या आतल्या कडेपासून सुरू झालेला. थोडा सरळ. मग डावीकडे वळून पुंडलिकच्या पायांपर्यंत.

तिथून परत फिरलेला नव्हता.