बिनसाखरेची कॉफी

हे खरं घडलंय. पटत नसेल तर सोडून द्या. माझी मावशी सफीनाझ फटकळ आहे, पण खोटारडी नाही.

कैरो, नाईलमधलं मनियल बेट. गेल्या मार्चमधला गुरुवार. अस्रची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान नुकतीच संपलेली.

दिवंगत संगीतकार उस्ताद वहीद शुकरींचं घर आता संग्रहालय झालंय. मावशी तिथे गेली ती एका पाटीसाठी. काचेआड एक कानून ठेवलंय, मांडीवर घेऊन वाजवायचं तारांचं वाद्य. पाटीवर लिहिलंय, 'उस्तादांचं वाद्य'.

ते मावशीच्या बाबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं होतं. उस्तादांच्या निम्म्या चालीही बाबांच्याच. नाव मात्र कुठेच नाही.

"पाटी बदला," तिनं शहाता रखवालदाराला सांगितलं.

"हाज्जा, मी इथे पंखासुद्धा विचारून लावतो. पाटी कसली बदलतोय!" वयस्क बाईला आमच्याकडे आदरानं 'हाज्जा' म्हणतात.

शेजारी उस्तादांची रिकामी खुर्ची. तिपाईवर त्यांचा कॉफीचा कप, कोरडा ठणठणीत.

कप बघून मावशीचं डोकंच फिरलं.

आमच्याकडे दुखवट्याला बिनसाखरेची कॉफी देतात. बाबा गेले तेव्हा हे उस्ताद मंडपात आले. एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर घाला की!" जणू लग्नालाच आले होते. पंधरा वर्षांची मावशी वर गच्चीतून बघत होती.

ती खुर्चीसमोर उभी राहिली. "माझ्या बाबांचं नाव बहगत सुरूर. ऐकलंत का, उस्ताद?"



बाहेरचे हॉर्नसुद्धा थांबले.

मग काचेआडून... एक सूर.

जरा उतरलेला. पुन्हा तोच, किंचित चढवून. बाबा असेच सूर लावायचे.

"शहाता, कोण वाजवतंय?"

"कोण वाजवणार, हाज्जा? तारा काढून पाच वर्षं झाली."

खरंच. वाद्यावर एकही तार नव्हती.

आणि कॉफीचा वास यायला लागला...

कप भरलेला होता. वाफ निघत होती.

"या घरात साधी शेगडी नाही," शहाता पुटपुटला आणि दाराकडे सरकला.

मावशीनं बोट बुडवून चाखलं. साखरेचा कणही नव्हता.

ती घाबरली होतीच. पण राग भीतीहून मोठा होता.

"चाळीस वर्षांनी दुखवटा पाळताय? कॉफी नको मला. पाटीवर नाव घाला!"

खुर्ची करकरली...

कुणीतरी उठल्यासारखी.

कप पुन्हा कोरडा.

त्यानंतर मावशी चार वेळा गेली. बाबांचं नाव घेतलं की सूर लागतो, कप भरतो. पाटीचा विषय काढला की खुर्ची करकरते.

त्या दिवसापासून मावशी कॉफीत तीन चमचे साखर घालते. तरी कडूच लागते. मी तिच्याच कपातली पिऊन बघितली, चांगली गोड होती.

परवा म्हणाली, "दुःख झालंय गं त्याला, खोटं नाही बोलणार. पण नाव द्यायची वेळ आली की अजूनही उठून जातो."

पाटी तीच आहे.