दिवाणजींची तपासणी

एका हातानं चष्मा नाकावर धरूनच तो दुकानात शिरला. चष्म्याची उजवी काडी जागेवर नव्हती. ती त्यानं शर्टाच्या खिशातून काढून काउंटरवर ठेवली, तर तिच्यावर दातांच्या खुणा!

"कुणी चावली?" तिनं विचारलं.

"पिल्लानं. दात येताहेत बिचाऱ्याला."

"घरचं पिल्लू?"

"छे, पेशंट. जनावरांचा डॉक्टर आहे मी. पलीकडच्या चौकात दवाखाना आहे."

पेशंटनं डॉक्टरचा चष्मा चावायचा आणि डॉक्टरनं वर त्यालाच बिचारा म्हणायचं! तिला हसू फुटलं. चष्म्याचं हे दुकान ती एकटी सांभाळायची. नंबर काढणं, काचा बसवणं, सगळं तिच्याच हातचं. तिनं नवी काडी शोधली, स्क्रू घट्ट केला आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवून कानामागं बोट घालून पाहिलं. इतक्या जवळून माणसं एकतर तिच्याकडे बघतात, नाहीतर आरशात. हा पठ्ठ्या मात्र तिच्या खांद्यावरून मागं, खिडकीकडे बघत होता.

खिडकीत ऊन खात दिवाणजी बसले होते. दिवाणजी म्हणजे तिच्या घरचा म्हातारा बोका, आईनं आणलेला. आई गेल्यापासून तो रोज तिच्याबरोबर दुकानात यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर अशी काही नजर ठेवायचा, की गिऱ्हाइकंसुद्धा त्याला अहो-जाहो करायची.

"यांना शेवटचं कधी तपासलंत?" डॉक्टरनं विचारलं.

"कशाला तपासायचं? ठणठणीत आहेत. खातात, झोपतात, माझ्यावर डाफरतात."

"तरी एकदा आणा ना."

"गिऱ्हाईक गाठायची ही नवी रीत वाटतं?" ती मिश्कीलपणे म्हणाली.

तो हसला, पण त्याची नजर हलली नाही. "उन्हात बसलेत ना ते... डाव्या डोळ्याची बाहुली बारीक झालीय. उजवीकडची तशीच मोठी आहे."

ती वळली. वाकून बघितलं. खरंच की!

दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावणारी ती, आणि स्वतःच्या मांजराचे डोळे तिनं असे कधी पाहिलेच नव्हते. काउंटरमागच्या भिंतीवर तिनंच रंगवून घेतलेली पाटी होती — 'त्रास नसला तरी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या.' डॉक्टरनं ती वाचली असणार. पण तो चकार शब्द बोलला नाही. नुसतं म्हणाला, "उद्या सकाळी गर्दी नसते."

तेवढ्यासाठीच तो तिला आवडून गेला... म्हणजे, माणूस म्हणून.

घरी बाबांना सांगितलं तर ते उखडलेच. "धडधाकट जनावराला दवाखान्यात नेऊन त्याला उगाच घाबरवायचं! तुझ्या आईनं नेलं होतं का कधी?"

"आई होती तेव्हा ते तरुण होते, बाबा."

बाबांनी दिवाणजींना मांडीवर ओढून घेतलं. आईच्या माघारी ते लेकीशी बोलायचे त्याहून जास्त दिवाणजींशी बोलायचे. वर्तमानपत्रसुद्धा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. सकाळी ती निघाली तेव्हा टोपली उचलून दारापर्यंत आणून दिली ती बाबांनीच.

दवाखान्यात डॉक्टरनं टोपलीचं झाकण उघडलं आणि सरळ जमिनीवर बसकण मारली. दिवाणजींना ओढलं नाही की उचललं नाही. "या सावकाश. घाई कुणाला आहे?" असं म्हणत तो बसून राहिला. बऱ्याच वेळानं दिवाणजी बाहेर आले, खोलीची पाहणी केली आणि त्याच्या मांडीशी टेकले. मग त्यानं स्टेथोस्कोप तळहातावर घासून गरम केला. ती बघत होती. ही असली माया तिनं माणसांच्या डॉक्टरांतही पाहिली नव्हती.

पुढच्या पायाला इवलासा पट्टा बांधून त्यानं रक्तदाब मोजला. एकदा, पुन्हा, आणखी एकदा. रक्त काढलं. अंधार करून भिंगातून डोळे पाहिले. मग दिवा लावला आणि तिच्या समोर खुर्ची ओढून बसला.

"रक्तदाब फार वाढलाय. त्यामुळे उजव्या डोळ्यात आतला पडदा एका कोपऱ्याला सुटायला लागलाय. मूत्रपिंडंही थकली असावीत, रक्ताचा रिपोर्ट आला की कळेल."

तिनं दिवाणजींच्या पाठीवर हात ठेवला. "मला कसं कळलं नाही?"

"मांजरं दुखणं लपवतात. त्यांच्या घरच्यांना नाहीच कळत. म्हणून तर मध्ये मध्ये तपासायचं, सगळं बरं दिसत असतानासुद्धा."

"आणि मी आले नसते तर?"

"तर एखाद्या सकाळी ते भिंतीला धडकले असते. पण तुम्ही आलात ना! रोज एक गोळी देऊ. पडदा परत चिकटायची आशा आहे... नक्की सांगत नाही, पण आहे."

खोटा धीर नाही आणि उगाच भीतीही नाही. भरून आलेल्या डोळ्यांनीही तिनं ते टिपलं.

गोळी द्यायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. हाताला दोन ओरखडे आले, तरी कुणाला हात लावू देईनात. रिपोर्टही आला. मूत्रपिंडं थकली होती, पण पथ्यानं सांभाळता येतील इतपतच. दर आठवड्याला रक्तदाब मोजायचा ठरला, आणि दर आठवड्याला ती टोपली घेऊन त्या चौकात जाऊ लागली. आधी घाबरत, मग नुसती काळजीनं, मग... आरशासमोर जरा जास्त वेळ थांबून.

"आज निळा रंग? दिवाणजींना निळा आवडतो," तो म्हणायचा.

"दिवाणजींनी तसं सांगितलं का तुम्हाला?"

"आमच्यात सगळं बोलणं होतं."

"अस्सं? अजून काय काय सांगतात ते?"

"पेशंटचं खासगी असतं... नाही सांगता येत!"

ती खळखळून हसायची. पण पट्टा बांधला की तो वेगळाच माणूस व्हायचा. थट्टा बंद, सगळं लक्ष त्या म्हाताऱ्या जिवावर. कधी कधी तिला वाटायचं, त्या थट्टेपेक्षा हा गप्प माणूसच आपल्याला जास्त आवडतोय.

एके दिवशी भिंगातून बघता बघता तो एकदम थांबला. "इकडे या. तुम्हीच बघा."

ती वाकली. दोघांचे खांदे टेकले. कुणीच बाजूला झालं नाही.

"पडदा चिकटलाय," तो हळूच म्हणाला. "पूर्ण. आता दृष्टीला धोका नाही. गोळी चालू ठेवा, पथ्य सांभाळा... आणि सहा महिन्यांनी आणा."

तिनं दिवाणजींना छातीशी धरलं. इतका आनंद! आणि त्याच आनंदात काहीतरी टोचलं... सहा महिने?

घरी बाबांचे डोळे पाणावले. दुसऱ्याच दिवशी ते कुणी न सांगता स्वतःचा रक्तदाब तपासून आले. "उगाच पुढं कटकट नको," एवढंच म्हणाले. पण लेकीचं तोंड काही उजळेना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी बाबांनीच विचारलं, "मांजर बरं झालंय. मग सुतक कसलं पाळतेस?"

संध्याकाळी दुकान लवकर बंद करून ती निघाली. टोपलीशिवाय.

डॉक्टर शेवटच्या पेशंटला निरोप देत होता. तिला रिकाम्या हातांनी बघून त्याचा चेहरा उतरला. "दिवाणजी? काय झालं त्यांना?"

"काही नाही! बाबांकडून बातम्या ऐकताहेत." तिनं श्वास घेतला. वाटभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं पळाली होती. "मी... माझ्यासाठी आलेय. सहा महिने फार होतात."

त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला, जरा जास्तच सावकाश.

"दहा वेळा तुमच्या दुकानापर्यंत येऊन परत फिरलोय मी," तो म्हणाला. "उपचार चालू असताना बोलणं बरं दिसलं नसतं. तुमच्या जिवाभावाचं माणूस माझ्या हातात होतं. तुम्हाला नाही म्हणायचं असतं, तर जड गेलं असतं."

"आणि ते बरे झाल्यावर?"

"बरे झाल्यावर... भीती वाटली," तो कबूल झाला. "तुम्ही आभार मानाल आणि मी तेवढंच घेऊन परत येईन याची."

"आभार तर मानायचेच आहेत," ती म्हणाली. "पण ते निराळे. दिवाणजी बरे झाले नसते ना, तरी मी आले असते. जरा उशिरानं, रडून झाल्यावर... पण आले असते."

बाहेर कुणाच्या तरी कुत्र्यानं रस्ता डोक्यावर घेतला होता.

"चहा घेऊ या?" त्यानं विचारलं. "आणि एक विनंती. मला आता डॉक्टर म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"तू म्हण."

आजवर तिला तो 'तुम्ही'च म्हणत आला होता. ती लाजली, ओढणीच्या टोकाशी खेळली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"दिवे बंद करतोस ना?" ती म्हणाली. "चल... तू."