तिताच्या खोलीची खिडकी

ही घटना खरी आहे.

जिच्या बाबतीत घडली ती माझी मावसबहीण, एर्सिलिया. तिने मला ती एकदाच सांगितली. पुन्हा कधी विषय काढू दिला नाही. मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही, आणि ही रंगवायची भीतीही वाटते. म्हणून ती बोलली तेवढंच लिहितो आहे.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भरदुपारची आहे.

सत्तावीस ऑगस्ट १९८५, मंगळवार. दुपारचे सव्वादोन. गाव पुंता रोव्हेल्ला, सालेर्नो शहराच्या दक्षिणेला, समुद्राकाठी.

आमच्या देशाच्या दक्षिण भागात दुपारच्या जेवणापासून ऊन कलेपर्यंतच्या वेळेला कोंत्रोरा म्हणतात. खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढून माणसं आडवी होतात. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. लहानपणी मोठी माणसं दटावायची, या वेळी बाहेर जे फिरतं ते माणूस नसतं.

एर्सिलिया सालेर्नोत लग्नाचे पोशाख शिवायची. तिची थोरली बहीण तिता गावातच, आईजवळ राहिली होती. अकरा वर्षांपूर्वी आईने अंथरूण धरलं तेव्हा तिताने तीनदा निरोप धाडला. लग्नसराईचे दिवस होते. एर्सिलियाने कळवलं, रविवारी येते.

आई शुक्रवारीच गेली.

चर्चच्या पायऱ्यांवर, अख्ख्या गावासमोर तिता म्हणाली, "आता माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

एर्सिलियाने ठेवला नाही. अकरा वर्षं.

त्या मंगळवारी सकाळी तिच्या घराखालच्या बेकरीत तिच्यासाठी फोन आला. तिताची शेजारीण, म्हातारी दोन्ना आमालिया बोलत होती.

"तिता आजचा दिवस काढेल असं वाटत नाही. माफी मागायची असेल तर नीघ. आणि या वेळी रविवार म्हणू नकोस, पोरी."

हातातली शिवण तशीच टाकून एर्सिलियाने पावणेबाराची गाडी पकडली. तिला बाकी काही नको होतं. तिताच्या तोंडून एकच शब्द हवा होता... माफ.

डब्यात समोर अंजिरांची टोपली मांडीवर घेऊन एक जाडजूड बाई बसली होती. एर्सिलिया कुठे उतरणार ते तिने विचारून घेतलं आणि हसली.

"कोंत्रोरात उतरणार तू? अगं, तिथे या वेळी कुत्रंसुद्धा भेटत नाही. आणि भेटलंच तर ओळख दाखवू नकोस."

डब्यातले सगळे हसले. बाईने दोन अंजीर तिच्या हातात कोंबले. एर्सिलियाने ते रुमालात बांधून ठेवले. ती मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होती. मी चुकले, मला माफ कर. मी चुकले, मला माफ कर.

आणि बोगद्यात गाडी थांबली.

पाच मिनिटं. दहा. वीस.

तिकीट तपासनीस विजेरी घेऊन आला. समोरची गाडी यायची आहे, म्हणाला. ती काय बैल ओढताहेत का, असं अंजीरवाल्या बाईने त्याला विचारलं. पुन्हा हशा पिकला. त्याच्या विजेरीच्या उजेडात एर्सिलियाने घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता.

गाडी हलली तेव्हा चाळीस मिनिटं गेली होती.

पुंता रोव्हेल्लाला ती एकटीच उतरली. गाडी वळणाआड गेली.

आणि मग...

काहीच नाही.

ऑगस्टात तिथे रातकिड्यांसारखे झाडावरचे किडे दिवसभर किर्र ओरडत असतात, कान किटतात. त्या दुपारी एकही ओरडत नव्हता. खाली समुद्र लखलखत होता. लाटा खडकांवर फुटताना दिसत होत्या.

त्यांचा आवाज येत नव्हता.

उन्हाने कान बधिर झाले असतील, असं तिने स्वतःला समजावलं. ती पायऱ्यांची गल्ली चढू लागली. दोन्ही बाजूंना पिवळी, गुलाबी घरं. सगळ्या झडपा बंद. फक्त तिच्या बुटांच्या टाचा वाजत होत्या.

टक. टक. टक.

ती श्वास घ्यायला थांबली.

टाच आणखी एकदा वाजली... टक.

तिने मागे पाहिलं नाही. उरलेल्या पायऱ्या जवळजवळ धावतच चढली.

तिताचं दार अर्धवट लोटलेलं होतं. कोंत्रोरात सगळीच दारं तशी असतात. आत चूल थंडगार. तिने दोन्ना आमालियाला हाक मारली. ओ आली नाही. एवढ्या आजारी माणसाजवळ कोणीच कसं नाही, या विचाराने तिला राग आला.

ती वर गेली.

तिताच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. अशा उन्हात! तिता भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडली होती. पांढऱ्या केसांवर, मानेवर ऊन नुसती आग ओतत होतं.

म्हातारी झडपा लावायला विसरलेली दिसते, असं एर्सिलियाला वाटलं. मग आमच्याकडच्या कुठल्याही बाईने जे केलं असतं तेच तिने केलं. पावलं न वाजवता ती खिडकीशी गेली. झडपा ओढल्या. तावदानं लावली. आतून कडी घातली.

खोलीत अंधार झाला.

ती पलंगाजवळच्या खुर्चीवर बसली आणि घोकलेलं वाक्य म्हणाली. "मी चुकले, तिता. मला माफ कर."

मग...

"खिडकी उघड."

तिताचाच आवाज. थकलेला, पण ओळखीचा. एर्सिलियाला इतका आनंद झाला, की रडू फुटलं. बहीण जिवंत होती. बोलत होती.

"बाहेर ऊन आहे गं. झोपून राहा. तू फक्त एकदा म्हण, माफ केलं."

"उघड."

या वेळी तिच्या लक्षात आलं.

आवाज पलंगावरून येत नव्हता.

तो खिडकीपाशी होता.

अंधारात अनवाणी पावलं खिडकीपासून दारापर्यंत गेली. दारापासून परत खिडकीशी आली. मग लाकडावर नखं ओढल्याचा आवाज... हळूहळू, वरून खाली. पलंगावर पडलेली आकृती जराही हलली नव्हती.

हे सांगताना एर्सिलियाने माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "त्या क्षणी मला कळलं होतं. ती काय मागते आहे, का मागते आहे, सगळं. उठून कडी काढायची होती. दोन पावलांवर खिडकी होती. पण ती गेली असती ना. मग मला कोणी माफ केलं असतं?"

म्हणून ती बसून राहिली. आणि अंधाराला म्हणाली,

"आधी माफ केलं म्हण. मग उघडते."

पावलं थांबली.

खोली गार पडली. ऑगस्टातल्या दुपारी तिचे दात वाजू लागले. कोणीतरी अगदी जवळ येऊन उभं होतं. श्वास जाणवत नव्हता. नुसतं जवळ होतं.

जिन्यावर माणसांची चाहूल लागली. दार उघडलं. दोन्ना आमालिया डॉक्टरला आणि आणखी दोन बायकांना घेऊन आली होती. तिने आधी पलंगाकडे पाहिलंच नाही. तिने खिडकीकडे पाहिलं.

"ही कोणी लावली?"

एर्सिलियाने मान खाली घातली.

"दीड वाजता गेली ती. तुझं नाव घेत होती. मी स्वतःच्या हाताने खिडकी उघडून डॉक्टरला आणायला गेले. माणूस गेलं की जीव बाहेर पडायला खिडकी उघडतात, हे काय तुला सांगायला हवं?"

"वाऱ्याने लागली असेल," एर्सिलिया म्हणाली.

त्या दिवशी वाऱ्याची झुळूकही नव्हती. म्हातारीने आतून घातलेल्या कडीकडे पाहिलं. मग एर्सिलियाकडे. तिने कडी काढून खिडकी उघडली आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

बाहेर समुद्राचा आवाज सुरू झाला होता. कोणी बाहेर पडावं तसा पडदा मात्र हलला नाही.

एर्सिलिया सालेर्नोला परतली त्याला आता कितीतरी वर्षं झाली. तिने पुन्हा शिवणयंत्राला हात लावला नाही. तिच्या घराच्या सगळ्या खिडक्या बारा महिने उघड्या असतात. शेजारी तिला वेडी म्हणतात.

गेल्या जानेवारीत मी तिला भेटायला गेलो. पाऊस आत येत होता, आम्ही ओव्हरकोट घालून जेवलो. जेवण झालं. बाहेरचा रस्ता शांत झाला. ती खुर्चीत ताठ बसली. मी तिथे आहे हे विसरल्यासारखी, अगदी हळू म्हणाली,

"तिता... आता तरी माफ केलंस?"



मी म्हातारा माणूस आहे. माझे कान चांगले नाहीत, आणि माझ्या मनावर तर माझा मुळीच भरवसा नाही. मी ते ऐकलं की मला तसं वाटलं, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण माझ्या अगदी जवळून, थकलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं,

"आधी उघड."

मी उठलो. एकेक खोली पाहिली. सगळी दारं उघडी होती. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. कपाटंसुद्धा.

त्या घरात उघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.