रोगण वाळेपर्यंत

“ओ बाई, त्यो ढोल आदी आत घ्या! तुमी भिजला तर वाळशीला, त्यो न्हाय वाळायचा!”

सलमा दचकली. गंगावेशीतल्या एका दुकानाच्या पत्र्याखाली ती ढोल घेऊन नुसती आडोशाला उभी राहिली होती. तिला जायचं होतं पुढच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या कारागिराकडे, पण त्याच्या दाराला कुलूप होतं आणि तो कधी परतेल हे शेजाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. मलकापूरहून दीड दिवस बैलगाडीत बसून हाडं खिळखिळी झालेली, वरून पाऊस... आणि आता हा कोण ओरडतोय?

तो फक्रुद्दीन मिस्त्री होता. महाराज गादीवर आले तेव्हापासून तो दरबारच्या बग्ग्यांना रोगण चढवत होता. वय तिशीचं, बोटं लाखेनं कायमची तांबूस झालेली, आणि डोळे रात्रभर जागल्यासारखे थकलेले. उत्तराची वाट न बघता त्याने ढोल उचलून आत नेला आणि वरची वाकळ सोडली.

ढोलाच्या लाकडी अंगावर शंभर वर्षांपूर्वीचं लाखेचं रोगण होतं, पिकल्या जांभळाच्या रंगाचं. आणि त्यात बरोबर मध्ये, पंज्याएवढा पांढरट चट्टा.

“ह्ये कुणी केलं?”

“मी,” सलमा म्हणाली. “चुलीचा धूर बसलावता. चिंच नि राख लावून घासला.”

“चिंच नि राख?” त्याने कपाळाला हात लावला. “घागर हाय व्हय ही?”

एरवी तिने फाडकन उत्तर दिलं असतं. पण अंगात तेवढं त्राणच उरलं नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली आणि तिचे डोळे आपोआप वाहू लागले. मग तो गडबडला. पाण्याचा तांब्या पुढे सरकवत म्हणाला, “तसं न्हवं... आवाजच असा हाय माझा. बोला, काय झालंय?”

तिने सांगितलं. मलकापूरच्या उरुसात पहिला ठोका तिच्या घरचा. बापाला आता दिसत नाही, भाऊ पाय मोडून पडलेला. पुढच्या गुरुवारी दिवस मावळायच्या आत ढोल दर्ग्यात पोचला नाही, किंवा पंचांना त्याच्यावर डाग दिसला, तर सात पिढ्यांचा मान दुसऱ्या घरात जाणार. आणि तो घालवणारी ती ठरणार – प्लेगात नवरा गेला म्हणून माहेरी परतलेली लेक.

“धा दिस हाईत,” त्याने बोटं मोजली. “ठिवून जावा.”

“ठिवून कशी जाऊ? ढोलाला परका हात लागतोय तवर घरचं कुणीतरी जवळ बसाय लागतं.”

“म्हंजे तुमी हितं बसणार? रोज?”

“बसू का नको?”

त्याने डोकं खाजवलं. “बसा की.”

म्हणून ती बसू लागली. सकाळी अमीरबी खाला, जिच्या घरी ती उतरली होती ती मावशी, तिला घेऊन यायची आणि भिंतीला टेकून पानाची चंची सोडता सोडता डुलक्या घ्यायची. बाहेर गाड्यांची वर्दळ, पावसाची पिरपिर. आत स्पिरिटाचा आणि लाखेचा वास.

फक्रुद्दीनने दोन दिवस ढोल नुसता साफ केला. आधी मऊ कुंचल्याने धूळ. मग रिठ्याच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं, तेही आधी तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावून पाहिलेलं. टीचभर पुसायचं की लगेच कोरडं करायचं. चामड्याला थेंब लागू द्यायचा नाही.

“एवढं हळू?” तिने विचारलं.

“जुन्या जिन्नसाला दम लागतो.”

“आणि माणसाला?”

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. “त्याला कोण इचारतंय?”

दोघंही हसले... जरासेच. थकलेली माणसं हसतात तसे.

चौथ्या दिवसापासून तो लाख स्पिरिटात विरघळवून, कापसाच्या बोळ्याने चट्ट्यावर पातळ हात देऊ लागला. गोल, गोल, न थांबता. एक हात वाळल्याशिवाय दुसरा नाही. दमट हवेत घाई केली तर रोगण पांढरं पडतं, म्हणून शेगडी लांब ठेवून खोली कोरडी राखायची. वाळलं का ते कसं बघायचं हे त्याने तिला शिकवलं: खालच्या कडेला, बोटाच्या पाठीने, अलगद. शिकवताना तिचा हात त्याच्या हाताला लागला. तिने तो काढला, पण लगेच नाही.

तिचं तिलाच नवल वाटत होतं. घरी ती पहाटेपासून उभी असायची – बापाचं, भावाचं, चुलीचं, जनावरांचं. इथं कुणी तिला हाक मारत नव्हतं. त्या गोल फिरणाऱ्या हाताकडे बघत ती भिंतीला टेकायची आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल व्हायचे. हा माणूस तिला आवडू लागला होता. तो बोलत नव्हता म्हणून, आणि बोलला की ओरडत होता म्हणूनसुद्धा.

सोमवारी त्याने ढोलाकडे न बघताच सांगितलं, “अजून ओला हाय.”

मंगळवारीही तेच.

बुधवारी सकाळी खालाने गाडी दारातच उभी केली. आज निघालं नाही तर गुरुवार हुकला. चट्टा कुठे होता हे आता सलमालाही ओळखू येत नव्हतं. फक्रुद्दीन दुकानाच्या कोपऱ्यात उगाच बाटल्या हलवत होता.

“मिस्त्री, झाला का?”

तो वळला. चेहरा उतरलेला. “सोमवारीच झालता,” तो म्हणाला. खाली बघून, आवाज प्रथमच बारीक. “खोटं बोललो. तुमच्या घरचा मान टांगून ठिवला मी... दोन दिस. तुमी जावं असं वाटंना. काय शिव्या द्यायच्या त्या द्या.”

 सलमाने बोटाची पाठ ढोलाच्या खालच्या कडेवरून फिरवली.

“ठावं हाय मला. सोमवारीच हात लावून बघितलावता.”

“मग... गेला का न्हाईसा?”

“दमलेवते,” ती म्हणाली. “घरी गेलं की पुन्हा उभं ऱ्हायचं. आब्बा तिकडं वाट बघत असतील म्हाईत असून बसले मी. हितं बरं वाटत हुतं... तुमच्यापाशी.”

बाहेरून खाला ओरडली, “अगं, बैलं किती येळ थांबत्यात?”

फक्रुद्दीनने शेगडीवर राख टाकली. ढोल मऊ फडक्यात गुंडाळून स्वतः गाडीत चढवला, दुकानाला कुलूप लावून किल्ल्या शेजारच्या दुकानात दिल्या आणि नवं रोगण खरचटू नये म्हणून ढोल मांडीवर घेऊन बसला. खालाने सलमाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पानाचा विडा गालात सरकवला.

पंचगंगेचा पूल मागे पडला. फक्रुद्दीन हळूच म्हणाला, “तुमच्या आब्बास्नी आपल्या लग्नाचं इचारायचं तर हाय. पर... आदी काय सांगू? एवढा उशीर का झाला म्हणतील.”

“खरं त्येच सांगा. लबाडी केली म्हणा.”

त्याने मान खाली घातली. “व्हय. सांगतो. मी केली म्हणून.”

“तुमी एकट्यानं न्हवं,” सलमा म्हणाली आणि डोळे मिटून खालाच्या खांद्यावर टेकली. “दोघांनी म्हणा.”