चाळीस घरांचा एकच पत्ता

फोन आला तेव्हा वैजयंती कुडाळे मेथी निवडत होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, म्हणून मिरजेतल्या त्या चाळीस घरांच्या इमारतीने इंटरनेटचा सामाईक राउटर त्यांच्याच गळ्यात घातला होता.

"मॅडम, इन्सुलिन पंपांच्या केंद्रातून बोलतोय. तुमच्या इमारतीतला एक पंप बिघडलाय. बाराला तो चौपट डोस देईल. थांबवायचा संदेश तुमचा राउटर आत घेत नाहीये."

अकरा वीस झाले होते. "पेशंटचं नाव?"

"नावं आमच्याकडे नसतात, कायद्यानेच. फक्त इमारतीचा इंटरनेटवरचा पत्ता आणि तुमच्या राउटरने पंपाला दिलेला दार क्रमांक, म्हणजे पोर्ट. एकेचाळीस हजार दोनशे सात."

त्यांनी लॅपटॉप उघडला. बाहेरच्या जगाला अख्खी इमारत एकाच पत्त्याने ठाऊक होती. आतलं यंत्र बाहेर बोललं की राउटर त्याला एक दार क्रमांक देई आणि त्या नोंदीवरून उत्तर नेमकं त्याच्याकडे पोचवी. यंत्र बराच वेळ गप्प राहिलं की नोंद पुसली जाई. केंद्राच्या म्हणण्याप्रमाणे पंप सकाळपासून गप्प होता. ते दार आता कुणाचंच नव्हतं.

"जुन्या नोंदी बघा ना!"

"ठेवत नाही आम्ही." कोण काय पाहतं ते कुणाला कळू नये, म्हणून नोंदी न ठेवण्याचा ठराव त्यांनीच मांडला होता.

त्या अनवाणीच निघाल्या. सातव्या मजल्यापासून एकेक दार. काही घरांना कुलपं, काहींनी हसून नाही म्हटलं. तिसऱ्या मजल्यावर कॉलेजात शिकवणारे उपाध्ये सर. "सर, तुमच्याकडे कुणाला..."

"नाही." दार बंद.

तळमजल्यावर पोचल्या तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं, सरांनी प्रश्न पुरा ऐकलाच नव्हता. त्या परत तिसऱ्या मजल्यावर धावल्या.

"सर, मी कुणाला सांगणार नाही," सरांच्या बंद दाराला तोंड लावून त्या धापा टाकत म्हणाल्या. "पण तो पंप आत्ता काढा. बारानंतर तुम्ही वाचणार नाही."

दार उघडलं. सरांनी सदरा वर केला आणि नळी वैजयंतीबाईंनीच ओढून काढली. बाराच्या ठोक्याला पंप घरघरला. फरशीवर थेंबामागून थेंब पडत राहिले.

"कुडाळेबाई, मला मधुमेह आहे हे कॉलेजात कळलं असतं तर नोकरी गेली असती, म्हणून लपवलं," सर म्हणाले.

वैजयंतीबाईंनी केंद्राला फोन लावला. "काढला पंप. माणूस सुखरूप आहे."

"असे बिघडलेले पंप नऊ होते, मॅडम. बाकीच्या आठ इमारतींत फोन कुणी उचललाच नाही. पोलिसांना कळवलंय, पण कुठल्या घरात जा म्हणून सांगणार?"

"अहो, बारा वाजून गेले," वैजयंतीबाई म्हणाल्या. "त्या आठजणांची दारं कोण ठोठावतंय?"